तेलाची रेघ

पेट्रोल संपलं, आणि तेल तसंच काठोकाठ.
इथेच मला कळायला हवं होतं.
दोन्ही टाक्या मागेपुढे का होईना, बरोबरीने रित्या व्हाव्यात
असा या करवतीचा नेम.
एक उपाशी आणि एक तुडुंब, म्हणजे मधे कुठेतरी
कुणीतरी हात आखडता घेतलाय.

पण बर्चचे अकरा ओंडके उरले होते,
दुपारी दोनलाच काळोख उतरत होता,
मी रेटत राहिले.
साखळी आधी कुरकुरली,
मग बारच्या कडेने धूर,
आणि पोलादावर तो निळा डाग,
तापून विसरलेल्या तव्यासारखा.

उणे एकोणीस. काइनूच्या या टोकाला
दुरुस्तीचं दुकान चौऱ्याहत्तर किलोमीटरवर,
तिथला रेइमा फक्त बुधवारी उघडतो,
आणि आज गुरुवार.

करवत स्वयंपाकघरात आणली,
टेबलावर रद्दी अंथरली.
खिडकीपाशी बाबा.
चाळीस वर्षं जंगलात घालवलेला माणूस.
सप्टेंबरात एका झटक्याने उजवा हात नेला,
सगळे शब्द नेले,
एवढाच मागे विसरला: नो नीन.
आमच्याकडे यानेच काम सुरू होतं
आणि यानेच पाहुणा उठतो.
म्हणजे तसं बघितलं तर
बाबांकडे दोन्ही टोकं आहेत, मधलं काही नाही.

बार काढला. खाचेत भुशाची काळी खरवड,
जुन्या पात्याच्या तुकड्याने ओरबाडून काढली.
नो नीन, म्हणाले. (पुढे चल.)
बारचं तेलाचं छिद्र, मसुराएवढं, तेही बुजलेलं;
दाभण घातली.
नो नीन. (हे रोज करायचं असतं.)
तेल थंडीने काकवीसारखं झालं असेल
म्हणून डबा चुलीजवळ ठेवला,
टाकीतली गाळणी तारेने ओढून पेट्रोलात धुतली,
पंपाचा स्क्रू पूर्ण उघडला,
दातेरी चाक फिरतंय का तेही पाहिलं. फिरतंय.
मला वाटलं, झालं.
बाबा काही बोलले नाहीत.

ओसरीवर आले. ते मागोमाग,
ओव्हरकोट एकाच बाहीत, काठी डाव्या हातात.
बारचं टोक बर्फावर वीतभर उंच धरून
गाडी पूर्ण वेगात सोडली.
तेल उडत असेल तर बर्फावर रेघ उमटते,
हे त्यांनीच शिकवलेलं, मी नऊ वर्षांची असताना.
बर्फ पांढराच.
पुन्हा. पांढराच.
मी अशी शिवी दिली की आई असती तर
तोंड विसळायला लावलं असतं.

नो नीन, नो नीन, नो नीन,
काठीने टाकीवर ठोकत.
इंजिन बंद केलं.
बाबा वाकले, म्हणजे जवळजवळ पडलेच,
आणि डाव्या हाताने, त्या अनाडी हाताने,
तेलाचं झाकण पाव फेरा सैल केलं.
आतून बारीक सुस्कारा.

मग मी दोरी ओढली,
आणि बर्फावर तपकिरी रेघ,
बारीक, वाकडी, थांबायचं नाव नाही.

टाकीला श्वास घ्यायला एक भोक असतं, टाचणीचं.
तेच चोंदलेलं.
नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात;
इथे नाक दाबलेलं म्हणूनच तोंड बंद.
तेल ओढून ओढून पंप थकला, आत पोकळी,
आणि मी आपली दुसरीकडेच सुई टोचत बसले.

भोक साफ केलं, झाकण घट्ट लावलं, साखळी नवी चढवली.
निळा पडलेला बार मात्र बदलावाच लागेल,
म्हणजे बुधवारी रेइमा, आणि त्याचं व्याख्यान.

रात्री टेबल आवरताना दिसलं,
खालचा कागद शब्दकोड्याचा होता.
सप्टेंबरातला. बाबांच्या अक्षरात अर्धा भरलेला,
आडवे सातपाशी पेन्सिल थांबलेली.
त्या रिकाम्या चौकटींवर तेल झिरपून
कागद आरपार झाला होता,
मागच्या पानावरची अक्षरं उलटी उमटून
बरोबर चौकटींत बसल्यासारखी.

मी वाचायचा प्रयत्न केला.
बाबांनी कागद माझ्या हातातून घेतला,
चुलीत सारला,
आणि म्हणाले, तुम्हाला माहीतच आहे काय.