धुक्याचा स्विच

त्रिलोकेकरांनी गाडी ढकलतच आणली,
दोन दारांची, इंग्रजी, बसकी,
एकेकाळी हिरवी.
म्हणाले, हे सगळे स्विच इकडे घ्या.
इकडे म्हणजे डावीकडे,
जिथे स्टिअरिंग नाही, पेडल नाही,
नुसता मांडीवर हात ठेवून बसणारा माणूस असतो.

मी म्हटलं, काका, चालवणाऱ्याचा हात पोचायचा नाही.
ते म्हणाले, चालवणारी ही.
कुमुदिनीबाई डिकीला टेकून धापा टाकत होत्या,
बासष्टाव्या वर्षी काढलेलं लायसन्स पर्समध्ये.
मग त्यांनी बोट डोळ्याजवळ नेलं:
मधलं गेलं. कडाकडांनी दिसतं.
दिवे तरी माझ्याकडे असू देत.

डॅशबोर्ड उतरवला.
मागे वायरींच्या अशा जटा
की फणी कुठून घालावी.
कापडी वेष्टणं, हात लागला की भुगा.
तपकिरी बॅटरीची, निळी मोठ्या दिव्यांची,
लाल बारक्यांची,
हिरवी चावी फिरवल्यावर जागी होणारी.
आणि मधेमधे कोणाकोणाचे हात:
एकाने टेलिफोनची वायर जोडलेली,
एकाने सांध्यावर डॉक्टरची चिकटपट्टी.

शिवाय गाडीचा जन्मच पायाळू.
बॅटरीचं धन टोक पत्र्याला बांधलेलं,
उस्तादांनी शिकवलं त्याच्या बरोब्बर उलट.
दोन फ्यूज उडाले, तेव्हा अर्थ लागला.
(आमच्या धंद्यात अर्थ लागला म्हणजे एवढंच,
काळी वायर पत्र्याला घट्ट बसली.)

नवे स्विच त्यांनी बोटांनी निवडले.
दारुखान्यात मुनव्वरच्या गाळ्यात
फोडलेल्या बोटींचे स्विच किलोवर मिळतात.
पालथ्या डब्यावर बसून, तासभर,
बाजारात भेंडीचं टोक मोडून बघतात तसं
एकेक दांडी वर, खाली.
हा जाड, वायपरला द्या, पाण्यातला वाटतो.
हा पितळी, कडेला दाते आहेत, मोठ्या दिव्याला.
हे दोघे आगाऊ. साइड दाखवतील.
एकावर रशियन अक्षरं कोरलेली,
काय लिहिलंय ते मुनव्वरलाही येईना.
तो आतल्या दिव्याला गेला.

फळीला डावीकडे आठ भोकं पाडली.
नववा जुन्याच जागी होता, पार कोपऱ्यात.
त्याच्या मागची वायर धरून
मी आडपत्र्यातून पलीकडे, रेडिएटरपर्यंत गेले.
तिथे ती संपली.
टोक नीट गुंडाळलेलं,
वर दोऱ्याची गाठ, पतंगाला मारतात तशी.

विचारलं, तर ते खिशात रुमाल शोधू लागले.
कुमुदिनीबाईच म्हणाल्या, तो धुक्याचा.
अठ्ठ्याहत्तर साली महाबळेश्वरला जायचं ठरलं होतं.
ह्यांनी आधी स्विच बसवला,
पिवळा दिवा पगारावर घेऊ म्हणाले.
मग?
मग काय. मुंबईत कुठलं गं धुकं.

मी तोही डावीकडे आणला.
कशालाच जोडला नाही. बिलात मात्र लावला.
कुमुदिनीबाईंनी बाकी प्रत्येक ओळीवर घासाघीस केली,
त्या ओळीवर नाही.

पहिल्या रात्री बॅलार्ड इस्टेट, साडेअकरा,
मी मागून स्कूटरवर, टेस्टर खिशात.
त्या म्हणायच्या, डावीकडे,
आणि डावा दिवा लुकलुकायचा,
जरा उशिरा, बोटं मोजत आल्यासारखा.
एकदा उजवा लागला.
मग जे भांडण झालं
ते मला हेल्मेटमधूनही ऐकू आलं.

सिग्नलला उभे राहिलो तर टक्, टक्.
पुढे काही पेटत नव्हतं, काही विझत नव्हतं.
ढिली जोडणी राहिली की काय म्हणून
मी स्कूटर बाजूला घेऊन वाकून बघितलं.
नवव्यावर त्यांचं बोट होतं,
वर, खाली, वर,
आणि त्या समोर बघत म्हणत होत्या,
पुरे आता. दिसतंय मला.