नावं काढणारा

पॅरिश हॉलच्या दारातून आत शिरलं की उजव्या हाताला,
छत्र्या ठेवायच्या पिंपाच्या वर,
ओकची एक फळी आहे.
'नेदर ऑझलीत वास्तव्य केलेले नामवंत'
ही अक्षरं माझ्या वडिलांची.
खालची काही माझी.
गावात कुणी नाव काढलं
की ते फळीवर काढायचं काम आमच्याकडे,
दोन पिढ्या, सोन्याच्या वर्खात.
एका अक्षराला आता चार पौंड.

तशी फळी फार भरलेली नाही.
ॲडमिरल सर जॉसलिन व्हीट, दोन उन्हाळे राहिले इथे,
तेही पाय मोडला म्हणून.
मिस डोरोथिया पेनहॅलो, नटी.
छातीच्या दुखण्यासाठी हवापालटाला आल्या, हवेनं काही केलं नाही,
पण पबमध्ये अजून एक खुर्ची त्यांची म्हणून दाखवतात,
जी लिलावातून आणलेली मी पाहिली आहे, सत्त्याहत्तर साली.
एक बिशप. त्यांच्याबद्दल कुणालाच काही आठवत नाही.
रेल्वेच्या डब्याची कडी शोधणारे मिस्टर ऑब्री टंक्स.
त्यांच्या घराचं फाटक दोरीनं बांधलेलं असायचं.
आणि डॉक्टर सेप्टिमस क्रेल, वनस्पतिशास्त्रज्ञ.

गेल्या मंगळवारी मिसेस ग्रिंस्टेड आल्या, कौन्सिलचा कागद घेऊन.
ॲडमिरलचं नाव काढायचं ठरलंय, म्हणाल्या.
म्हटलं, काढलंय की, वडिलांनीच, अठ्ठेचाळीस साली.
तसं नव्हे हो, पुसायचं.
साखरेच्या बेटांवर त्यांच्या घराण्याचे मळे होते,
माणसं होती विकत घेतलेली.
शाळेतल्या पोरांनी शोधून काढलं सगळं, जुन्या दप्तरातून.

माझी ना नाही.
दोन दिवस घासलं, बारीक कागदानं.
पण वर्खाखालचा ओक फिकट राहतो, ऊन न पाहिलेला,
आणि संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून तिरपा उजेड आला
की जॉसलिन व्हीट वाचता येतात,
आधीपेक्षा जरा स्पष्टच.
मिसेस ग्रिंस्टेडना हे सांगितलेलं नाही.
त्या संध्याकाळी येत नाहीत.

आता त्या ओळीत कोण, यावर वाद आहे.
कुणी म्हणतं तो सायकलवाला, कांस्यपदकाचा.
रंगाऱ्याला कुणी विचारत नाही.
विचारलं असतं तरी आईचं नाव घेतलं नसतं मी.
नाव निघावं असं तिनं काही केलं नाही,
एक सोडून.

ती डॉक्टर क्रेलचे कपडे धुवायची.
कुठल्या कुठल्या डोंगरांवरून परतायचे ते,
खिसे न उलटता कोट टाकायचे.
एकदा अस्तराच्या शिवणीत तिला बिया सापडल्या,
मिरीएवढ्या, नऊ.
परत द्यायला हव्या होत्या.
कपडे वाळत घालायच्या खांबाशी पुरल्या तिनं,
फूल कसलं येतं बघू म्हणून.

फूल आलं. जांभळं. बरं होतं.
मग ओढ्यानं बिया नेल्या.

आज नेदर ऑझलीत असं कुंपण नाही जिथे ते नाही.
डांबर फोडतं, चर्चच्या पायरीखालून निघतं,
मेंढ्या तोंड लावत नाहीत.
गाव त्याला 'डॉक्टर' म्हणतं.
"तुमच्याकडे आला का डॉक्टर?" मार्चमध्ये विचारतात एकमेकांना,
"मुळासकट काढा, नाहीतर मुक्कामच ठोकतो."
क्रेलसाहेबांच्या चार जाड ग्रंथांतलं एक वाक्य कुणाला येत नाही,
पण नाव दिवसातून चारदा निघतं,
शिव्यांसकट.

वडिलांना ठाऊक होतं.
फळीवर क्रेल काढताना हसू आवरलं नसावं त्यांना,
ती एकच ओळ जराशी वर चढली आहे.

मी एकोणऐंशीचा. गुडघे वाकत नाहीत फार.
तरी वसंतात आईच्या थडग्यावरचं तण काढायला जातो,
एकेक, मुळासकट,
'हेटी लकेट' वाचता येईपर्यंत.

एक ठेवतो.