बोनाफाईड

बावीस निघाले. तेविसावीचा व्हिसा आला नाही.
ऐरोलीच्या सेक्टर आठमधून पहाटे तीनला बस,
आयांनी दिलेल्या दशम्या, चकल्या,
आणि माझ्या मुठीत चिठ्ठ्या:
हिला धूळ चालत नाही,
ह्याला रात्री एकटं झोपवू नका.
नऊ दिवस मी फक्त मोजत होते.
बसमध्ये बावीस. न्याहारीला बावीस.
रोममध्ये एकदा एकवीस, पोटात गोळा आला;
कैवल्य फ्रिजला लावायचं चुंबक घेत होता.

सहाव्या दिवशी, नदीच्या वर,
ऑलिव्हच्या बागा ओलांडून
आम्ही त्या सैनिकी दफनभूमीत शिरलो.
गवत इतकं सारखं कापलेलं
की कुणी पाऊलच ठेवेना.
शांत राहा, गाईड म्हणाला. गरज नव्हती.
प्रार्थनेला एका हाताचं अंतर घ्या म्हणून
मी बारा वर्षं ओरडते आहे,
असं अंतर माझ्या कुठल्या वर्गाने
कधी घेतलं नाही.

दगडांवर नावं रोमन लिपीत,
कुणा साहेबाच्या कानाने ऐकलेली.
ज्यांना अग्नी दिला त्यांना दगडही नाही,
एका भिंतीवर सगळे, दाटीवाटीने.
शर्वाणी तांडेल मोठ्याने दुरुस्त करत गेली:
बाला नाही रे, बाळा.
हा सावळाराम. हा राणू.
एकेक ळ, एकेक ण
तुटलेली बटणं शिवावीत तसे
ती लावून देत होती.

फाटकाशी भिंतीत कोनाडा, पितळी झाकण,
आत एक वही. उघडली
आणि मी ती लगेच ओळखली.
नंबर, नाव, बापाचं, आईचं, गाव, जिल्हा.
"मॅडम, जिल्हा कुलाबा? कुलाबा जिल्हा कसा?"
रायगड रे तो. तेव्हा तसं म्हणत.
आपल्या बाजूच्या पुलावरून पुढे.
पुढच्या पानावर ठाणा. मुरबाड. वय एकोणीस.
कुणीतरी म्हणालं, माझा दादा एकोणीसचा.
दुसरं म्हणालं, त्याला अजून चहा करता येत नाही.
हसू आलं सगळ्यांना,
मग ते कुठे ठेवावं कळेना.

निनाद मढवी एकटा
ह्या दगडापासून त्या दगडापर्यंत पावलं मोजत होता.
काय रे?
"काही नाही मॅडम. ओळ बघतोय."

निघताना मोजले. बावीस.
तरी बसच्या पायरीवर थांबले जराशी,
ड्रायव्हरने त्याच्या भाषेत काहीतरी विचारलं,
मी माझ्या भाषेत नाही म्हटलं.

आज सोमवार.
हजेरी घेतली, एकही नाव घाईत नाही.
सायमा विचारते, तिकडे काय काय होतं?
सगळे फोन पुढे करतात:
कारंजं, आइसक्रीम, कललेला मनोरा,
विमानात झोपलेली मी.
त्या उतारावरचा फोटो एकाकडेही नाही.

मधल्या सुट्टीत निनाद येतो.
केस ओले; पहाटे साडेचारला
दिवा कोळीवाड्याच्या जेट्टीपासून धावतो रोज,
बूट तेच.
हातात फॉर्म, सैन्यपूर्व प्रशिक्षणाचा.
"बोनाफाईड हवंय मॅडम. आज शेवटची तारीख."

मी लिहिते. नंबर. नाव. वडील, जनार्दन.
आई, सुगंधा. राहणार गोठिवली, जिल्हा ठाणे.
वय सतरा वर्षं चार महिने.
स्पेलिंग दोनदा तपासते.
मढवीतला ढ त्या लिपीत मावत नाही,
डी लावून एच लावून बसवते कसाबसा,
आणि खाली, कुणी मागितलेलं नसताना,
सगळं नाव मराठीत पुन्हा लिहिते,
ठसठशीत, काना-मात्रा सांभाळून.

तो घड्याळ बघतोय.
"झालं, मॅडम?"
शिक्का ऑफिसातून घे, म्हणते.
तो कागद ओढतो, सुटतो.

जिन्यात पळू नकोस!
मी ओरडते. बारा वर्षं ओरडते आहे.