स्मरणिकेसाठी दोन पानं

पाळकसाहेब म्हणाले, एलियासराव, इतिहास तुम्हीच लिहा.
दोनच पानं. मागे जाहिराती आहेत.

म्हणून वेस्ट्रीतलं कपाट उघडलं.
वाळवी, डांबराच्या गोळ्या, दांडा तुटलेली हातघंटा,
आणि वडीलमंडळाच्या सभांची वही:
आधी इंग्रजी, मग मोडी, मग बालबोध,
शेवटी गळक्या बॉलपेननं.

पहिली पानं पलटणीची.
स्कॉटिश गोरे बंदुकांसकट उपासनेला बसायचे.
बाकांना त्यासाठी पाडलेल्या खाचा अजून आहेत.
परवा उजागऱ्यांच्या नातवानं तिथे छत्री अडकवली.
नीट बसली.

मग शिशाचे बिल्ले.
प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी
वडील घरोघर वाटायचे;
बिल्ला असेल त्यालाच भाकर, त्यालाच प्याला.
वहीत एकशे वीस आहेत.
डबीत एकशे एकोणीस. तीनदा मोजले.

अठराशे त्र्याऐंशी, मोडीतली एक ओळ:
'येशूस प्याला देऊ नये.'
चष्मा पुसला.
येशू नव्हे, येसू.
मोदीखान्यातली झाडूवाली, बाप्तिस्मा झालेली.
एकाच प्याल्याला कित्येकांची हरकत,
सबब तिचा बिल्ला तूर्त राखून ठेवावा.

तूर्त.
पुढची चाळीस पानं उलटली,
तूर्त काही संपलं नाही.
फक्त पंधरा दिवसांनी
वडील शिवराम तिवडे यांचा राजीनामा. कारण दिलेलं नाही.
आणि डबीत एक कमी.

प्लेगच्या साली नावं नाहीत, नुसत्या फुल्या.
मध्येच अक्षर बदलतं.

एकसष्टला पानशेत फुटलं
तेव्हा नारायण पेठेतली माणसं या बाकांवर झोपली.
पुलपिटवर कुणाचं तरी ओलं नऊवारी वाळत होतं.
वहीत हे नाही. मी अकरा वर्षांचा होतो.

सत्तर साली मंडळ्या एकत्र झाल्या,
दारावरचं 'प्रेसबिटेरियन' छिन्नीनं उतरवलं.
गवंडी वैतागला, एवढं लांब नाव कशाला ठेवता?
चार वाजता ऊन तिरपं आलं
की भिंतीवर अजून वाचता येतं,
एक वेलांटी सोडून.

तीन पानं झाली.
पाळकसाहेबांनी वाचली, पेन्सिल कानामागून काढली.
छान आहे, म्हणाले. ती बाईची ओळ तेवढी
सणासुदीला नको.

मी म्हटलं, सोफासेटची जाहिरात काढा.
ओळ तूर्त राहू द्या.