बैठक

शुक्रवारी सकाळी शारजात
ऊन पत्र्यावर चढायच्या आत
संग्रहालयाच्या मागच्या अंगणात
म्हाताऱ्या गाड्या बाहेर काढतात,
लग्नाला आलेल्या आत्यांसारख्या,
एकेकीला हात देत, उंबरा सांभाळत.

मी नदाफ, मिरजेचा.
आजा धनुकलीवर कापूस पिंजायचा,
मी गाड्यांच्या गाद्या शिवतो.

बेडफर्ड आली तेव्हा
हौद्यात खोर फक्कानची वाळू होती
आणि बॉनेटखाली कबुतराचं घरटं.
इंजिन कॉलिनसाहेबांकडं गेलं,
पत्रा रोहेलियोकडं,
ड्रायव्हरच्या शेजारची लांब बैठक
माझ्या टेबलावर.

रेक्झिन उसवलं.
कारखान्याच्या कागदात लिहिलंय : घोड्याचे केस.
आत निघाला काथ्या.
भिजवून कुटलेला, तांबडा, अजून चिवट.
नाकाशी धरून पाहिला.
नारळाचा नाही, खाडीचा नाही,
वास फक्त पेट्रोलचा.

पण टाके!
तिरपे, दुहेरी सुतळीचे,
दर चार बोटांवर एक गाठ,
पोत्याचं तोंड शिवतात तशी.
आपल्या किनाऱ्यावरून आलेला कुणी तांडेल असेल,
शिडांना ठिगळं लावणारा,
ड्रायव्हरनं हाक मारली म्हणून
सावलीत पाय पसरून बसलेला.
मजुरी काय घेतली कोण जाणे.
गाठींत घाई मुळीच नाही.

आणि काथ्याच्या तळाशी एक नवा पैसा,
सत्तावन्न सालचा.
तेव्हा इथंही आपलीच नाणी चालायची.
माझ्या जन्माआधी पोचलेला बेटा,
व्हिसा नसताना.

कॉलिनसाहेब म्हणाले, काथ्या फेक.
डिसेंबरात परीक्षक येतात,
मूळचं नसेल तर गुण कापतात.
मूळचं म्हणजे कधीचं, साहेब?
त्यांनी चष्मा पुसला,
परत घातला,
पुस्तिकेची पानं उलटत राहिले.

काथ्या मी धुतला, पिंजला, परत भरला.
बैठक झाली पाण्यासारखी सपाट.

त्याच दुपारी खलफान आला,
ड्रायव्हरचा मुलगा, सत्तरीचा, गुडघे धरत.
बैठकीवर तळहात दाबत दाबत
डावीकडं सरकला आणि थांबला.
‘इथं खड्डा होता,’ म्हणाला.
‘मी झोपायचो त्यात.
बाप फुजैराकडं रात्रीची गाडी काढायचा, वाडीतून.’
वाडी म्हणजे इथं कोरडी नदी.
आमच्याकडं वाडीत माणसं राहतात.
हे त्याला सांगावंसं वाटलं,
पण माझ्या अरबीत एवढं बसेना.

तो गेल्यावर परत उसवली.
डावीकडून दोन मुठी काथ्या काढला,
हातानंच चाचपत
आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या कुशीएवढी जागा केली.
किती खोल, ते कुठल्या कागदात नव्हतं.
मग टाके घातले,
तिरपे, दुहेरी,
दर चार बोटांवर गाठ.

डिसेंबरात दोन गुण गेले.
शेरा : बैठक डाव्या बाजूस खचलेली.
कॉलिनसाहेबांनी तो मोठ्यानं वाचला,
माझ्याकडं पाहिलं नाही,
चहा मात्र स्वतः आणून दिला.

नवा पैसा रजिस्टरात नोंदलाय,
क्रमांक घालून, पाकीट चिकटवून.
पाकीट रिकामं आहे.
अजून कुणी उघडून पाहिलेलं नाही.