प्रॉम्प्टरची जागा

डाव्या विंगेत, तणसाच्या पेंढीवर बसतो मी.
मांडीवर वही, वहीवर टॉर्च.
तेवीस हंगाम झाले.
राजा मेला, सून जळाली, इन्स्पेक्टर ऐन वेळेस आला,
सगळं आधी माझ्या तोंडून गेलं
आणि मग त्यांच्या.

यंदा लांजेवार शेठनं वेगळंच नाटक घेतलं.
लिहिणारा पोरगा ब्रह्मपुरीचा, कॉलेजात तासिकेवर.
लावणी नाही. खलनायक नाही.
नवरा, बायको, एक टेबल,
टेबलावर दोन मोबाईल, पालथे.
ती जाते. मारलं म्हणून नाही,
दुसरी आणली म्हणूनही नाही.
"मंग कायले जाते?" ऑर्गनवाल्या चिरकुटनं विचारलं.
पोरगा म्हणाला, तेच तर नाटक आहे.
"अन् मी काय करू?"
बसून राहायचं.
चिरकुटनं मला बाहेर नेलं, खर्रा घोटला,
म्हणाला, "मंडईत मारतीन लोकं आपल्याले."

तालीम अडली शेवटच्या पानावर.
तिथं कंसात होतं : दोघंही गप्प. बराच वेळ.
बराच म्हणजे किती?
शब्द विसरला तर शब्द देतो मी.
गप्प बसणं विसरला, तर काय देऊ?

किन्हीला पहिला प्रयोग.
खड्ड्यात बाया शाली गुंडाळून, मांडीवर पोरं,
मागं भज्यांच्या कढया.
वनखात्याचा माणूस माईकवर सांगून गेला,
परतताना एकटे जाऊ नका, नाल्याकडं पट्टेवाला फिरतो आहे.
अकराला पडदा.
"डान्स कधी हाय बे?" कुणीतरी ओरडलं.
दोन वाजेपर्यंत तेही थकलं.

शेवटचं पान.
हेमलता दारात, हातात बॅग.
रायभान खुर्चीत, जमिनीकडं बघत.
एक. दोन. मी मोजत होतो.
नवाला रायभानचे ओठ हलले.
कळलं मला, ह्याला सोसत नाही,
आता हा जुन्या नाटकातलं काहीतरी काढणार,
तुला माझ्या गळ्याची शपथ, असलं.
म्हणून मी हळूच म्हणालो, त्याला :
थांब.

वर टांगलेला माईक त्या रात्री नवा होता.

अख्ख्या खड्ड्यानं ऐकलं.
हेमलता थांबली.
वहीत नव्हतं हे.
ती वळली, आणि विचारलं, खरंच विचारलं,
"कोण बोललं?"
रायभाननं मान वर केली. बघितलं तिच्याकडं,
अख्ख्या नाटकात पहिल्यांदा.
"मी नाही," म्हणाला.

मग ती गेली.
चिरकुटची बोटं पट्ट्यांवर होती, वाजली नाहीत.
खड्ड्यातून एक बाई, तरणीच असावी,
नाकातून हसल्यासारखं करून म्हणाली,
"खरं बोलला बापा, एकदाचा."
पडदेवाला पोरगा तसाच उभा. पडदा मीच ओढला.

लेखक धावत आला, वाटलं आता भांडणार.
त्यानं वही घेतली, टॉर्च घेतला,
शेवटच्या पानावर घाईघाईनं लिहिलं.
आता रोज रात्री मला एक वाक्य आहे,
एका शब्दाचं.
अठ्ठावीस प्रयोग झाले. माईकवर स्वच्छ येतं.
हेमलता म्हणते, मास्तर, किन्हीसारखं येत नाही.
तवा तुमी कोणाले म्हणत होते?
रायभानले, म्हणालो.
ती बघत राहिली, पिना तोंडात धरून.

दर दिवाळीनंतर मी बॅग उचलतो
तेव्हा शेवंता पडवीत असते,
कोंबड्यांचा डाला उचलत, पाठमोरी.
होळीपर्यंत मी येणार नसतो.
मी उंबऱ्याशी थोडा रेंगाळतो.
माईक नाही आमच्या पडवीत.
ती विचारते, टॉर्च घेतला काय?
घेतला, म्हणतो मी.