मागं सरा

सहा गुणांची आघाडी, पाच मिनिटं बाकी.
विट्याचं मैदान, जानेवारीची रात्र,
हॅलोजनभोवती किडे, आणि पाणी मारून चोपलेली माती
तळव्यांना गार लागत होती.

शेडबाळे सरांनी टाइमआउट घेतला.
टॉवेल खांद्यावर, घसा बसलेला.
"आता कुणाला धरायचं नाही.
मागं सरा. बोनस मागितला तर देऊन टाका.
आपली चढाई म्हणजे नुसतं फिरून येणं,
दम पुरवा, परत या, हात लावायच्या भानगडीत पडू नका.
घड्याळ आपल्या बाजूनं खेळतंय,
खेळू द्या त्याला."

घड्याळ! आमच्यातली आठवी.

मी डावा कोपरा. माझं काम घोटा.
चार महिने पहाटे
भुसा भरलेल्या पोत्याला पाय समजून
झेपा घेतल्या होत्या, कोपरांची सालटी गेली होती.
आणि आता नुसतं उभं राहायचं.

आमच्याकडे शाळूची राखण असायची.
आबा माळ्यावर चढून रिकामी गोफण फिरवायचे.
"दगड सुटायलाच पायजे असं नाही," म्हणायचे,
"पाखराला आवाज पुरतो."
पुरतो. पहिल्या दिवशी पुरतो.
तिसऱ्या दिवशी पाखरं
गोफणीच्या सावलीत बसून कणसं सोलतात.

इस्लामपूरची कुंदा येऊ लागली.
आधी बिचकत. उजवा पाय बोनस रेषेपल्याड, डावा हवेत.
एक.
पुन्हा तसंच. अजून एक.
मग तिला कळलं, ह्या काही अंगावर येत नाहीत.
ती आमच्या अंगणात
विरजण मागायला आल्यासारखी चालायला लागली.
रुक्सानाला शिवली, जाताना हसली.
पुढच्या खेपेला उजवा कोपरा घेऊन गेली.
आम्ही पाच उरलो. पाचांवर बोनस बंद,
तेवढंच बरं वाटलं.
माणसं कमी झाली की देण्यासारखंही कमी होतं.

दोन गुण. शेवटची चढाई.
ती माझ्या कोपऱ्यात आली.
घोट्याला काळा दोरा, गाठ सैल,
दोऱ्याचं उसवलेलं टोक दिसावं इतकी जवळ.
वीतभर.
माझा हात निघाला
आणि निघालेला हात मी मागं घेतला.
पद्मजाच्या पाठीला बोट लावून ती गेली.
शिट्टी.

एका गुणानं जिंकलो.
सर म्हणाले, "राखलं गं पोरींनी,"
आणि जीपमध्ये चढताना त्यांनी डोळे पुसले.
त्यांचं काही चुकलं नव्हतं. गुणफलक तसंच सांगत होता.
पेढा मी डाव्या हातानं घेतला.
उजव्या हाताची मूठ वळलेलीच होती,
आत काही नव्हतं.

आता तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला हिशेब लिहिते.
चार अंश. आला तसा माल परत द्यायचा,
रंगसुद्धा बदलता कामा नये.
संध्याकाळी कॉलेजच्या पोरींना शिकवते.
पोतं नवं आहे, भुसा तोच.

परवा पलूसला, चार गुण पुढं, दोन मिनिटं बाकी.
सहा चेहरे माझ्याकडं वळले.
वीस वर्षं जपलेले दोन शब्द होते माझ्यापाशी:
धर तिला.
तोंड उघडलं,
आणि खांद्यावरचा टॉवेल सावरत, बसलेल्या घशानं
मी ओरडले, "मागं सरा!"

सहा जणी सरल्या.
सातवी, प्रणोती गुरव, डाव्या कोपऱ्यातली,
तिनं माझ्याकडं बघितलंच नव्हतं.
गुडघे वाकवून, बोटं मातीला टेकवून
ती येणाऱ्या पायाकडं बघत होती.